खाशाबा जाधव : सगळ्यांची देणी फेडून गेलेला पैलवान

निपाणी : निपाणीतून महामार्गाला लागून कोल्हापूर ओलांडलं की कराड यायला फार वेळ लागत नाही. कराडला अगदी लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. या गावात एक घर आहे, त्याचं नाव ‘ऑलिम्पिक निवास’. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचं हे घर.

खाशाबांचं नाव आपल्या भागात नवीन नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात आजही कुणी ना कुणी म्हातारा पैलवान ते नाव काढतोच. त्यांनी १९५२ मध्ये पदक जिंकलं तेव्हा बेळगाव, निपाणी, कोल्हापूर आणि कराड ही सगळी गावं एकाच मुंबई राज्यात होती. मध्ये सीमा आली ती १९५६ साली. म्हणजे ते पदक जितकं कराडचं होतं, तितकंच ते आपल्याकडचंही होतं. पण पदकामागचा हिशोब फार थोड्यांना ठाऊक आहे. कुणी किती पैसे दिले, ते कसे फिटले आणि खाशाबांच्या पदरात शेवटी काय पडलं, ही गोष्ट कुस्तीइतकीच सांगण्यासारखी आहे.

गोळेश्वरचा धाकटा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत ते सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरात लहानपणापासून कुस्तीचंच बोलणं, त्यामुळे पोराच्या अंगाला माती लवकर लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. शाळेत असतानाच ४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्हा तेव्हा धगधगत होता. भूमिगतांना आसरा देणं, त्यांचे निरोप पोचवणं अशी कामं या वयात खाशाबांनीही केली.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, खासबागेसारखं मैदान बांधलं. त्यामुळे सातारा-सांगलीकडून आणि इकडे चिकोडी-निपाणीकडूनही पोरं कोल्हापूरच्या तालमीत यायची. पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे आपल्या एकसंब्याचेच, तेही कोल्हापुरातच घडले.

खाशाबांची चण मात्र लहान. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, वजन पन्नाशीच्या पुढे थोडंसं. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी आधी नकारच दिला, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा अंगापिंडाने मोठ्या गड्यांना चितपट केलं. अडवलं की वरच्याकडे जायचं आणि मग आखाड्यात उत्तर द्यायचं, हा त्यांचा स्वभाव तिथून पुढे आयुष्यभर राहिला.

त्यांची ताकद चपळाईत होती. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरायची आणि त्याला काही कळायच्या आत खाली आपटायचं. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले.

लंडन : मातीतला गडी मॅटवर

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर खाशाबांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. जन्म मातीत गेलेला आणि कुस्ती मॅटवर. मातीतल्या निकाली कुस्तीत पाठ लागली की विषय संपला. तिथे वेळ ठरलेली, नियम वेगळे, पंचांचा कौल वेगळा. पायाखालची माती गेली की मातीतल्या पैलवानाचे निम्मे डाव लटके पडतात.

तरीही ५२ किलो गटात त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. पुढे इराणच्या मल्लापुढे ते थांबले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. वय अवघं २२, अंगाला मॅटची सवय नाही, तरी जगात सहावा. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरचे बारकावे दाखवले. पदक हुकलं, पण आपण कुठे कमी पडतो हे कळालं. परत आल्यावर पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत दुप्पट केली आणि वजनगट वाढवून ५७ किलोत उतरायचं ठरवलं.

एका गुणाचा अन्याय

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देऊन गावी परतला असता. खाशाबांनी दाद मागितली ती थेट पतियाळाच्या महाराजांकडे. महाराज यादविंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि खेळातलं त्यांना कळत होतं. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत उतरायची संधी दिली. चाचणीत खाशाबांनी समोरच्याला लोळवलं. आता गुण मोजायची गरजच उरली नाही.

संघात नाव आलं. पण जायचं कशावर? या वेळी खर्च उचलायला कुणी महाराज नव्हते, संस्थान विलीन झालेलं होतं. मुंबई सरकारकडे ४ हजार रुपयांची मदत मागितली. तिथून स्पर्धा झाल्यावर या, असं सांगून वाटेला लावलं गेलं, असं आजवर सांगितलं जातं. स्पर्धा झाल्यावर मिळणाऱ्या पैशातून जहाजाचं नाहीतर विमानाचं तिकीट कसं काढायचं, हा प्रश्न कुणाला पडला नसावा.

मग खाशाबा आणि घरचे लोक गावोगाव हिंडले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरी रक्कम पुरेना. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. १९५२ मधले ७ हजार म्हणजे साध्या नोकरदाराची काही वर्षांची कमाई. आपल्या विद्यार्थ्यावर एवढा भरवसा टाकणारा गुरू मिळाला, हे खाशाबांचं भाग्य. आणि त्या भरवशाचं ओझं डोक्यावर घेऊनच ते हेलसिंकीला पोचले.

हेलसिंकीचा दिवस

५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या बसुर्तोला हरवलं, जर्मनीच्या श्मिट्झलाही हरवलं. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती लांबली आणि त्यात खाशाबा हरले. हा इशी काही साधा गडी नव्हता. त्याच गटात पुढे त्याने सुवर्ण जिंकलं आणि हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण होतं.

सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हशी लढतानाच घात झाला. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती न देता दमलेल्या खाशाबांना लगेच मॅटवर बोलावलं गेलं. नियम दाखवून हरकत घ्यायला त्यांच्या बाजूने एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत एकटा पैलवान कुणाशी वाद घालणार? ते उतरले आणि हरले. ममादबेयोव्हला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

त्याच संघात कोल्हापूरचेच केशव माणगावेही होते. ६२ किलो गटात ते चौथे आले, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. एकट्या कोल्हापूरच्या मातीतून गेलेले दोन गडी जगात तिसरे आणि चौथे ठरले होते.

खाशाबांच्या पदकाचं मोल कळायला पुढचा आकडा बघावा लागतो. भारताला ऑलिम्पिकमधलं दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते १९९६ मध्ये, टेनिसपटू लिएंडर पेसमुळे. म्हणजे मधे तब्बल ४४ वर्षं गेली. कुस्तीतलं पुढचं पदक यायला तर २००८ उजाडलं.

१५१ बैलगाड्या आणि एक गहाणखत

खाशाबा परतले तेव्हा अख्खा मुलूख लोटला. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक, ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पाऊण घटकेत उरकणारी वाट त्या दिवशी काही केल्या सरेना, मिरवणूक पोचायला सात तास लागले. सरकारी सत्कार जे काय झाले असतील ते असोत, बैलगाडीवाल्या शेतकऱ्यांनी मात्र आपल्या पोराला डोक्यावर घेतलं.

गुलाल धुतला गेला आणि खाशाबांना आठवलं ते गहाण पडलेलं घर. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लंगोट कसून फडात उतरले. ऑलिम्पिकवीर खेळणार म्हटल्यावर गर्दी व्हायचीच. त्यातून आलेल्या पैशातून त्यांनी खर्डेकर सरांचं घर सोडवलं. ज्या पोराला देशाने उचलून धरायचं, तोच पोरगा आपल्या पदकाचं कर्ज फेडत मैदानं मारत होता. त्यांच्या सगळ्या कुस्त्यांत या कुस्त्यांचा मान वेगळाच म्हणावा लागेल.

खाकी वर्दीतली वर्षं

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई पोलिसात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढच्या वर्षी मेलबर्न ऑलिम्पिक होतं. वय तिशीचं, अनुभव दांडगा, या वेळी पदकाचा रंग बदलेल अशी आशा होती. पण गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि ऑलिम्पिकचं दार कायमचं बंद झालं.

पोलीस खात्याच्या स्पर्धांत त्यांनी नाव कमावलं, पोरांना डाव शिकवले. पण नोकरीतली बढती रखडत राहिली. एकूण २७ वर्षं सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. आणि मग पेन्शनसाठी त्यांना खेटे घालावे लागले. मद्रासला एका गुणासाठी झगडलेला माणूस म्हातारपणी हक्काच्या पैशासाठी झगडत होता. यावेळी मात्र दाद लावून घ्यायला कुणी महाराज नव्हते.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना स्थान मिळालं. एवढ्या वर्षांत देशाने आठवण ठेवल्याची ती मोजक्या खुणांपैकी एक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. देशभर झेंडे फडकले आणि स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिम्पिकवीर आदल्याच दिवशी गेल्याचं दुःख प्रामुख्याने कराड-कोल्हापूर भागालाच झालं.

मागाहून आलेले मान

जिवंतपणी जे मिळालं नाही ते मागाहून थोडंथोडं आलं. महाराष्ट्र सरकारचा छत्रपती पुरस्कार ९० च्या दशकात मरणोत्तर मिळाला. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे पदकानंतर ४८ वर्षांनी आणि मृत्यूनंतर १६ वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. १५ जानेवारी २०२३ ला गुगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं, तेव्हा कितीतरी तरुण पोरांनी हे नाव पहिल्यांदा वाचलं. पद्म पुरस्काराची मागणी घरचे लोक आणि कुस्तीशौकीन वर्षानुवर्षं करत आले.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती केंद्र व्हावं अशीही मागणी होती. घोषणा झाली, काम मात्र पुढे सरकेना. वैतागून २०१७ मध्ये घरच्यांनी ते कांस्यपदकच लिलावात काढायची तयारी दाखवली होती. देशाच्या पहिल्या पदकावर ही वेळ आली, हे वाचून अनेकांच्या काळजात चर्र झालं.

आपल्या सीमाभागातली पोरं अजूनही लंगोट पिशवीत घालून कोल्हापूरच्या तालमीत जातात. घरची परिस्थिती बेताची, खुराकाचा खर्च न झेपणारा, त्यात सर्टिफिकेट या राज्याचं आणि सराव त्या राज्यात, अशी दुहेरी ओढाताण. तालुक्याची निवड चाचणी असो की राज्याची, डावललं जाण्याची भीती त्यांनाही आहे. त्यांच्यासाठी कुणीतरी सर घर गहाण ठेवतीलच असं नाही.

खाशाबांच्या बाजूने हिशोब केव्हाच चुकता झाला. गावाची वर्गणी पदकाने फिटली, सरांचं घर सोडवलं गेलं, पोलीस खात्याला २७ वर्षं देऊन झाली. त्यांचं जे येणं होतं, त्यातलं बरंचसं ते हयात असताना आलंच नाही. ती बाकी आता त्यांना देता यायची नाही. तालमीत घाम गाळणाऱ्या पुढच्या पोराला ती वेळेवर, तिकीट काढायच्या आधी मिळाली, तरच ती फिटली म्हणायची.