मेजर कँडी: मराठीला विरामचिन्हं लावणारा माणूस आणि तुमच्या स्क्रीनवरची लाल रेघ

कॉलेजची असाइनमेंट आता बऱ्याचदा कागदावर जातच नाही. गुगल डॉक्सची लिंक जाते नाहीतर वर्डची फाइल. सर किंवा मॅडम ती उघडतात, एखादं वाक्य सिलेक्ट करतात आणि बाजूला छोटी चौकट येते. कुठे शब्द खोडलेला असतो, कुठे स्वल्पविराम घातलेला असतो, कुठे खाली लाल रेघ असते. हे सगळं आपल्याला नवीन वाटतं, पण मराठीत हे काम पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक माणूस हाताने करत होता. तो मराठी नव्हता आणि शिक्षकाचं ट्रेनिंग घेऊनही आला नव्हता. तो होता फौजेतला अधिकारी, मेजर थॉमस कँडी.

आज लेखन तपासणारं सॉफ्टवेअर जे करतं, त्यातलं बरंचसं कँडींच्या आयुष्यात सापडतं. फायदे सापडतात आणि भांडणंही. चला तर मग, त्यांची गोष्ट बघूया.

फौजेतून शब्दकोशाकडे

कँडींचा जन्म १८०४ चा, इंग्लंडमधला. शिक्षण ऑक्सफर्डला. १८२२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भारतात आले. पेशवाई बुडून जेमतेम चार वर्षं झाली होती. कंपनीला कारभार चालवायचा तर लोकांची भाषा कळणारे अधिकारी हवे होते. कँडी मराठी शिकले आणि फौजेत दुभाषाचं काम करू लागले.

त्याच काळात जेम्स मोल्सवर्थ हा दुसरा फौजी अधिकारी मराठी-इंग्रजी शब्दकोश करत होता. थॉमस आणि त्यांचा भाऊ जॉर्ज, दोघंही त्या कामात गेले. मराठी पंडित शब्द गोळा करायचे, अर्थावर चर्चा व्हायची आणि मग नोंद पक्की व्हायची. १८३१ मध्ये हा कोश छापून आला. पुढे मोल्सवर्थ तब्येतीमुळे मायदेशी गेले, तेव्हा इंग्रजी-मराठी कोशाचं अर्धवट काम कँडींनी पूर्ण केलं. तो कोश १८४७ मध्ये निघाला. मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. ती आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांमध्ये आहे आणि तुमच्या फोनवर फुकटात शोधता येते.

१८३७ पासून कँडी पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे प्रमुख झाले. पुढे हेच कॉलेज पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. बंदुकीशी संबंध मागे पडला आणि उरलेलं आयुष्य मराठी पानांवर गेलं.

एकसलग मजकूर आणि स्वल्पविराम

जुनं मोडी पत्र कधी पाहिलंय का? आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, प्रश्नचिन्ह नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचाही फरक नाही. सराईत कारकून ते भराभर वाचायचा. पण शाळेत पहिल्यांदा पुस्तक हातात घेणाऱ्या पोराला वाक्य कुठे संपलं हे कळणार कसं? बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, एक दंड आणि दोन दंड होते, पण ते मुख्यतः श्लोक किंवा ओवी संपली हे सांगायला.

छापखाने आणि शाळा वाढल्या तशी ही अडचण मोठी झाली. कँडींनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा हे छोटं पुस्तक केलं. इंग्रजीतली चिन्हं मराठीत कुठे आणि कशी वापरायची, ते त्यात समजावलं. सरकारी शाळांच्या पुस्तकांतून ती चिन्हं घराघरात गेली. मराठीत विरामचिन्हं रुळली त्याचं मोठं श्रेय कँडींना दिलं जातं ते यामुळे.

याची खूण तुमच्या फोनमध्ये आजही आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. देवनागरीचा स्वतःचा वेगळा गट आहे. त्या गटात एक दंड आहे, दोन दंड आहेत, पण स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, प्रश्नचिन्हही नाही. मराठीत टाइप करताना आपण जो स्वल्पविराम देतो तो इंग्रजीच्याच गटातला, ४४ नंबरचा. कँडींनी आणलेले हे पाहुणे इथे कायमचे राहिले, पण नोंद अजून मूळ पत्त्यावरच आहे.

सगळ्या पुस्तकांवर एकच पेन

कँडींचं सगळ्यात मोठं काम मात्र तपासणीचं. ते सरकारचे मराठी भाषांतरकार होते. शिक्षण खात्यासाठी कोणी भूगोल लिहिला, गोष्टींचं पुस्तक लिहिलं किंवा इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर केलं, तर ते हस्तलिखित कँडींच्या टेबलावर जायचं. वाक्यरचना, शब्दांची निवड, शुद्धलेखन, विरामचिन्हं, सगळं ते बघायचे. शाळेची क्रमिक पुस्तकं आणि कायद्यांची भाषांतरंसुद्धा त्यांच्या हाताखालून गेली.

यातून एक गोष्ट चांगली झाली. वेगवेगळ्या लेखकांची पुस्तकं एकसारख्या मराठीत येऊ लागली. ठाण्याच्या आणि धारवाडकडच्या मराठी शाळेत तोच नियम, तीच चिन्हं. आजच्या भाषेत सांगायचं तर मराठी गद्याला एक स्टँडर्ड मिळालं.

पण आता वर्डमधलं ट्रॅक चेंजेस आठवा. त्यात तुमचं मूळ वाक्य पुसलं जात नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची वेगळी नोंद ठेवतं: कुठे बदललं, काय काढलं, काय घातलं, कोणी आणि कधी. मग लेखक एकेका बदलाला होकार किंवा नकार देतो. कँडींच्या काळात नकाराचं बटण नव्हतं. पुस्तक सरकारी शाळेत लागायचं तर त्यांची दुरुस्ती मानावी लागायची. तपासनीस आणि मंजुरी देणारा, दोन्ही एकाच बाजूला.

चिपळूणकरांचा आक्षेप

याच गोष्टीवर पुढे वाद पेटला. कृष्णशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या संस्कृत कॉलेजात शिकलेले मोठे विद्वान. ते पुढे सरकारच्या भाषांतर खात्यातही होते. त्यांचा मुलगा विष्णुशास्त्री. त्याने १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली आणि सरकारी पुस्तकांतल्या मराठीवर कडक टीका केली. मुद्दा सरळ होता. या मराठीची वाक्यं इंग्रजी वळणाची आहेत, आणि परक्या माणसाने मराठी लेखकांना त्यांचीच भाषा शिकवावी हे योग्य नाही.

गंमत अशी, की ही टीका छापली गेली ती स्वल्पविराम आणि पूर्णविराम वापरूनच. विष्णुशास्त्रींनी चिन्हं नाकारली नाहीत. शेवटचा शब्द कोणाचा, यावर त्यांचा आक्षेप होता. म्हणजे त्यांनी काही दुरुस्त्या मान्य केल्या आणि काही परत पाठवल्या.

कँडी १८७७ मध्ये महाबळेश्वरला वारले. ५० वर्षांहून जास्त काळ त्यांनी मराठीत काढला होता.

आता पेन मशीनच्या हातात

अमेरिकेत एलिस पेज या संशोधकाने १९६६ मध्ये कॉम्प्युटरकडून निबंध तपासण्याचा प्रयोग मांडला. कॉम्प्युटरला अर्थ कळत नव्हता. म्हणून तो मोजता येतील अशा गोष्टी बघायचा: निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, आणि चक्क स्वल्पविरामांची संख्या. माणसांनी दिलेल्या मार्कांशी हे आकडे जुळवून तो नव्या निबंधाला मार्क द्यायचा.

स्पेलचेकही साधारण तसाच. त्याच्याकडे शब्दांची यादी असते आणि प्रत्ययांचे नियम असतात. घर हा शब्द यादीत असला की घरात, घराला, घरातून ही रूपं नियमांनी बनतात. जो शब्द यादीत नाही आणि नियमातही बसत नाही, त्याच्याखाली लाल रेघ. रेघेचा अर्थ एवढाच, की हा शब्द मला माहीत नाही. तो चुकीचा आहे असं मशीनला कळलेलं नसतं.

चंद्रपूर-गडचिरोलीला याचं काय?

१८३१ चा कोश छापला गेला तेव्हा चांदा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५४ मध्ये ते राज्य कंपनीने घेतलं आणि १८६१ पासून हा भाग मध्य प्रांतात गेला. कँडींचं काम मुंबई इलाख्यासाठी होतं. प्रमाण मराठीची घडण पुण्या-मुंबईकडे होत असताना हा जंगलपट्टा त्या टेबलापासून लांब होता. गडचिरोली तर वेगळा जिल्हा झाला तोच १९८२ मध्ये.

म्हणून झाडीपट्टीतलं पोरगं पानी लिहितं, काय करून राहिला असं विचारतं, तेव्हा रेघ येते किंवा शिक्षक ते बदलतात. भामरागड, एटापल्लीकडे घरात माडिया किंवा गोंडी बोलली जाते आणि मराठी शाळेत भेटते. दंडार, गोटूल, मोहफूल हे शब्द त्यांच्या जगण्यातले. मशीनच्या यादीत ते नसतील तर दोष यादीचा.

परीक्षेत प्रमाण मराठी लिहायलाच हवी, यात वाद नाही. पाणी मधला ण शिकून घ्या. पण प्रत्येक रेघ म्हणजे आपली चूक, असं धरून चालू नका. मार्क कमी होण्यापेक्षा हे जास्त नुकसान करतं. पोरं मग लिहायचंच सोडतात.

तुम्ही काय करू शकता?

गुगल डॉक्सच्या अ‍ॅपमध्ये वरच्या तीन टिंबांवर टॅप करा आणि बदल सुचवण्याचा पर्याय चालू करा. मित्राची फाइल तपासताना हाच मोड वापरा, म्हणजे त्याचं मूळ वाक्य जागेवर राहील. तुमच्या फाइलवर सूचना आल्या तर सगळ्या एकदम स्वीकारू नका, एकेक वाचा. पटली नाही तर त्याच चौकटीत कारण लिहून उत्तर द्या.

आणि जीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी उघडा, मराठी निवडा आणि आपल्या गावचे शब्द टाकायला लागा. मोल्सवर्थ आणि कँडींचा कोशही पंडितांनी एकेक शब्द जोडत असाच वाढला होता. तुमच्याकडे तर टेबलावर बसलेला मेजरही नाही. यादीत काय जाणार, हे तुम्हीच ठरवायचं.