जेराल्ड गार्डनर
जेराल्ड ब्रोसो गार्डनर (१३ जून, १८८४ - १२ फेब्रुवारी, १९६४) हे विक्का या निसर्गपूजक पंथाचे इंग्लिश प्रवर्तक होते. त्यांचा जन्म लँकेशायरमधील ब्लंडेलसँड्स येथे सधन लाकूड-व्यापारी कुटुंबात झाला. दम्यामुळे त्यांना नियमित शालेय शिक्षण मिळाले नाही. सिलोन, बोर्निओ व मलाया येथे नोकरी करताना त्यांनी तेथील लोकांचे विधी जवळून पाहिले. १९३६ मध्ये मलायी क्रिस या खंजिरावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते इंग्लंडला परतले.

न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळाने १९३९ मध्ये आपणास दीक्षा दिली आणि हे मंडळ ख्रिस्तपूर्व धर्माचा अवशेष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या अखंड परंपरेस पुरावा नसल्याचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी दाखविले आहे. गार्डनर यांच्या विधिसंहितेत ॲलिस्टर क्रोली यांच्या लेखनातील उतारे होते. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलियंटे यांनी ते ओळखले व बराच भाग नव्याने लिहिला. अर्थात, उसनवारीमुळे उपासकांची श्रद्धा खोटी ठरत नाही. देवी आणि शिंगधारी देव यांची आराधना, भूमीवर आखलेले वर्तुळ, पौर्णिमेचे मेळावे व ऋतुचक्राचे उत्सव ही या पंथाची मुख्य अंगे होत.

चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर १९५४ मध्ये गार्डनर यांनी 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक उघडपणे प्रसिद्ध केले. प्रसिद्धीच्या या हव्यासावरूनच १९५७ मध्ये व्हॅलियंटे त्यांच्यापासून दुरावल्या. लेबनॉनहून परतताना जहाजावर गार्डनर यांचे निधन झाले. त्यांचे दफन ट्यूनिस येथे करण्यात आले.