इमाम गझाली (रह.) : दृष्टी, बुद्धी आणि अंतःकरणाचा प्रकाश

इस्लामी इतिहासात विद्वानांची वानवा कधीच नव्हती. परंतु आपण ज्याला सत्य म्हणतो ते आपल्याला कळते तरी कशाच्या आधारे, हा प्रश्न जिवाला लावून घेणारे विद्वान फार थोडे झाले. इमाम अबू हामिद मुहम्मद अल-गझाली (रह.) हे त्या थोड्यांतील अग्रणी होत. उम्मतने त्यांना 'हुज्जतुल इस्लाम', म्हणजे इस्लामचे प्रमाण, या पदवीने गौरविले. डोळे पाहतात, बुद्धी निवाडा करते, तरीही माणूस वास्तवाला का मुकतो? या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांनी आपली कीर्ती, पद आणि ऐश्वर्य पणाला लावले.

बालपण व शिक्षण

इमाम गझालींचा जन्म हिजरी ४५० मध्ये, म्हणजे इ.स. १०५८ च्या सुमारास, खुरासान प्रांतातील तूस येथे झाला. हे स्थान आज इराणमध्ये आहे. चरित्रकारांच्या सांगण्यानुसार त्यांचे वडील लोकर कातून विकत आणि विद्वानांच्या सहवासाची त्यांना मोठी ओढ होती. मृत्यूपूर्वी त्यांनी मुहम्मद व अहमद या आपल्या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले. मागे ठेवलेली अल्पशी रक्कम संपली, तेव्हा त्या सज्जनाने मुलांना मदरशात पाठविले, कारण तेथे विद्येबरोबर दोन वेळच्या जेवणाचीही सोय होती.

पुढील शिक्षणासाठी ते जुरजानला गेले. परतीच्या वाटेवर दरोडेखोरांनी काफिला लुटला आणि त्यांच्या टिपणांची पिशवीही नेली, अशी एक घटना चरित्रग्रंथांत येते. कोवळ्या वयाच्या गझालींनी दरोडेखोरांच्या म्होरक्यामागे जाऊन टिपणे परत मागितली, तेव्हा तो हसला. पिशवी गेली की जी विद्या जाते, ती विद्या कसली, असे तो म्हणाला आणि त्याने पिशवी परत दिली. तूसला आल्यावर गझालींनी तीन वर्षे खपून ती सारी टिपणे मुखोद्गत केली. विद्या कागदावर असणे आणि माणसात असणे यांत अंतर आहे, हा धडा त्यांना आयुष्यभर पुरला.

त्यानंतर निशापूर येथे इमामुल हरमैन अल-जुवैनी (रह.) यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले. फिकह, इल्मे कलाम आणि तर्कशास्त्रात ते पारंगत झाले. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे ज्या शाफई फिकहनुसार आचरण करतात, त्या फिकहमध्येही त्यांचा अधिकार मोठा होता. 'अल-वजीज' हा त्यांचा ग्रंथ पुढील फुकहांना पायाभूत ठरला.

बगदादचे वैभव

इ.स. १०८५ मध्ये गुरूंचे निधन झाले आणि गझाली सल्जूक साम्राज्याचे वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारी आले. तेथील विद्वानांच्या सभांत त्यांची बुद्धी तळपली. इ.स. १०९१ मध्ये वजिरांनी त्यांची बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम तेहतीस वर्षांचे होते. सुमारे तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत आणि खलीफा व वजीर त्यांचा सल्ला घेत.

अध्यापन सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी गुरूविना ग्रीक परंपरेतील तत्त्वज्ञान अभ्यासले आणि 'तहाफुतुल फलासिफा' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी तत्त्वज्ञांच्या वीस मतांची चिकित्सा केली. कापसाला अग्नीचा स्पर्श होतो आणि कापूस जळतो, एवढेच डोळ्यांना दिसते. एकापाठोपाठ एक घडणाऱ्या दोन गोष्टी आपण पाहतो. त्यांच्यामधील अटळ बंधन मात्र कोणीही पाहिलेले नसते. नित्याच्या अनुभवाने मनाला सवय लागते आणि त्या सवयीलाच आपण वास्तवाचा नियम समजतो. जाळण्याचे सामर्थ्य अग्नीचे स्वतःचे नसून ती अल्लाहची निर्मिती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र याच ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी एक इशाराही दिला. ग्रहणाचे गणित सिद्ध झालेले असते. धर्माच्या नावाने ते नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो.

इंद्रियांवरचा विश्वास ढळला

सत्याच्या या शोधात त्यांना एका भयंकर अवस्थेतून जावे लागले. तिची हकीकत त्यांनी पुढे 'अल-मुनकिज मिनज्जलाल' या आत्मकथनपर ग्रंथात नोंदविली. निश्चित ज्ञान कोणते, हे ठरविण्यासाठी त्यांनी आरंभ डोळ्यांपासून केला. सावली डोळ्यांना स्थिर दिसते. घटकाभराने पाहावे तर ती सरकलेली असते. तारा दिनारच्या नाण्याएवढा दिसतो. गणित मात्र सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. याचा अर्थ असा, की डोळ्यांचा निवाडा बुद्धीने खोटा ठरविला.

मग त्यांच्या मनात विचार आला, की बुद्धीचा निवाडा तरी अंतिम कशावरून? बुद्धीचे न्यायासन मांडले जाईपर्यंत डोळ्यांची चूक कळली नव्हती. तसेच बुद्धीच्या वरचे एखादे न्यायासन असेल, तर ते प्रकट होईपर्यंत बुद्धीची चूक तरी कशी कळावी? स्वप्नाने ही शंका बळावली. स्वप्न चालू असते तोवर त्यातील प्रत्येक वस्तू खरी वाटते. जाग आली की सारे विरते. या जागेपणापलीकडेही दुसरी जाग असेल आणि तिच्या तुलनेत आपले हे जगणे झोपच ठरेल, हे अशक्य कसे म्हणावे? मृत्यूनंतर डोळ्यांवरचा पडदा दूर होऊन दृष्टी तीक्ष्ण होईल, हे कुरआनचे कथन त्यांना या ठिकाणी आठवले.

जवळजवळ दोन महिने ते या संशयाने ग्रासलेले होते. त्यातून बाहेर काढण्यास कोणताही युक्तिवाद उपयोगी पडला नाही, कारण युक्तिवाद रचण्यासाठी ज्या मूलभूत सत्यांचा आधार लागतो, त्यांवरचाच विश्वास उडाला होता. अखेर अल्लाहने आपल्या हृदयात एक प्रकाश टाकला आणि बुद्धीची ती मूलभूत सत्ये पुन्हा विश्वसनीय वाटू लागली, असे त्यांनी लिहिले आहे. त्यांनी बुद्धीचा त्याग केला नाही. बुद्धीचे स्थान आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यांना एकाच वेळी उमगली.

बगदादचा निरोप

यानंतर त्यांनी कलामचे पंडित, तत्त्वज्ञ, बातिनी आणि सूफी अशा चार पंथांचा कसून अभ्यास केला. सूफींचे ग्रंथ वाचताना त्यांना जाणवले, की येथे वाचन पुरेसे नाही. आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. आजारी वैद्याला आरोग्याची सारी लक्षणे व औषधे ठाऊक असतात, तरी तो आजारीच असतो. वास्तव जाणून घ्यायचे तर जाणणाऱ्याने आधी स्वतः बदलले पाहिजे, हा निष्कर्ष त्यांना टाळता येईना.

त्यांनी आपल्या अध्यापनाकडे पाहिले, तेव्हा त्यामागचा हेतू निखळ ईशप्रसन्नतेचा नसून मानमरातबाचा असल्याचे त्यांना दिसले. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून सुमारे सहा महिने त्यांच्या मनात ओढाताण चालू राहिली. सकाळी निघण्याचा निश्चय होई आणि संध्याकाळी तो मोडून पडे. एके दिवशी शिकविताना त्यांची जीभच अडखळली, शब्द उमटेना. अन्नाचा घास गिळवेना. हे दुखणे शरीराचे नसून हृदयाचे आहे, असे सांगून वैद्यांनी हात टेकले.

इ.स. १०९५ च्या अखेरीस त्यांनी बगदाद सोडले. मुलाबाळांच्या उदरनिर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. लोकांनी अडवू नये म्हणून मक्केला जात असल्याचे सांगितले आणि ते दमास्कसला गेले. तेथे उमवी मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसचे दिवस एकांतात इबादत करीत. पुढे त्यांनी बैतुल मकदिस येथे वास्तव्य केले, हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कबरीचे दर्शन घेतले आणि हज केला. शेवटी मुलांच्या ओढीने ते मायदेशी परतले. पण त्यांनी एकांत सोडला नाही.

अंतःकरणाचा आरसा

या काळातच त्यांनी 'इहयाउ उलूमिद्दीन' हा चाळीस प्रकरणांचा महान ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अंतःकरणाविषयीच्या प्रकरणात त्यांनी हृदयाला आरशाची उपमा दिली आणि आरशात प्रतिबिंब न उमटण्याची पाच कारणे सांगितली. आरसा अजून घडलेलाच नसेल, जसे बालकाचे मन. त्यावर गंज चढला असेल, जसा पापांचा मळ. त्याचे तोंड दुसरीकडे असेल, जसे केवळ पोटापाण्यात गुंतलेले मन. असा माणूस पापी नसला तरी त्याला सत्य दिसत नाही. आरसा व वस्तू यांच्यामध्ये पडदा असेल, जसे लहानपणापासून न तपासता धरलेले मत. किंवा वस्तू कोणत्या दिशेला आहे हेच ठाऊक नसेल. यांतील एकही दोष सत्याचा नाही. सारे दोष पाहणाऱ्याचे आहेत. म्हणून नमाज, रोजा, जिक्र, हलाल कमाई आणि अहंकाराचा त्याग हे त्यांच्या दृष्टीने आरसा स्वच्छ करण्याचे उपाय होत.

अखेरची वर्षे

सुमारे अकरा वर्षांच्या एकांतानंतर, इ.स. ११०६ मध्ये, निजामुल मुल्क यांचे पुत्र फखरुल मुल्क यांच्या आग्रहावरून त्यांनी निशापूर येथे पुन्हा अध्यापन सुरू केले. पूर्वी आपण मान मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो आणि आता मान सोडायला लावणारी विद्या शिकवितो, हा फरक त्यांनी स्वतःच नमूद केला आहे. नंतर तूसला परतून त्यांनी घराशेजारी मदरसा व खानकाह उभारला.

१४ जमादिल आखिर हिजरी ५०५, म्हणजे १८ डिसेंबर ११११, सोमवारी त्यांचे निधन झाले. बंधू अहमद यांच्याकडून आलेल्या वृत्तानुसार त्यांनी पहाटे वुजू करून नमाज अदा केली, कफन मागवून डोळ्यांना लावले, आपण राजीखुशीने मालकाच्या भेटीस निघाल्याचे सांगितले आणि किब्ल्याकडे तोंड करून ते आडवे झाले. ज्या जागेपणाचा विचार त्यांनी आयुष्यभर केला होता, त्याचे दार त्यांनी असे शांतपणे ओलांडले.

आज आपल्या घरांत माहितीला तोटा नाही. मुले शिकत आहेत, ग्रंथ व व्याख्याने हाताशी आहेत. परंतु मुलांच्या डोळ्यांना आणि बुद्धीला शिक्षण देताना त्यांच्या अंतःकरणाचा आरसा स्वच्छ राहील, याची काळजी आपण घेतो काय? इमाम गझालींचे चरित्र प्रत्येक आईवडिलांपुढे हा प्रश्न ठेवते. अल्लाह आपणा सर्वांना सत्य सत्याच्या रूपात पाहण्याची आणि त्यानुसार जगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.