शाहीर अमर शेख : आश्रयदात्याकडून समूहाकडे

राजगड व तोरणा असलेले पूर्वीचे वेल्हे (आताचा राजगड तालुका) आणि रोहिडा, कारी ही ठिकाणे असलेले भोर हा मावळ प्रदेश पोवाड्याच्या शिवकालीन विषयभूमीचा गाभा होय. अज्ञानदासाने ज्या अफजलखानवधावर पोवाडा रचला, त्या प्रसंगी कारीचे कान्होजी जेधे स्वराज्याच्या बाजूने उभे राहिले होते. मात्र या शाहिरीला राजाश्रयाची चौकट होती. पेशवाईतही शाहिराची दृष्टी बहुधा बिदागी देणाऱ्या धन्याकडे वळलेली असे. ही दृष्टी श्रोतृसमूहाकडे वळविण्याचा आरंभ १८६९ मध्ये महात्मा फुले यांच्या शिवरायांवरील पोवाड्याने केला. पुढे सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी ती वाट रुंद केली. अमर शेख यांचे कार्य याच परंपरेत पाहिले पाहिजे.

मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई मुनेरबी यांच्या तोंडून ऐकलेली लोकगीते हाच त्यांचा पहिला काव्यसंस्कार. मोटारगाडीवरचा क्लीनर आणि पुढे गिरणीकामगार म्हणून राबताना श्रमिकांची बोली, तिचा रोखठोकपणा आणि तिच्यातील विनोद त्यांनी आत्मसात केला. राष्ट्रीय चळवळीतील सहभागानंतर ते बार्शीच्या गिरणीकामगारांच्या लढ्यात उतरले. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला आणि तेथील सहवासातून ते साम्यवादी विचाराकडे वळले. कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत काही काळ काढल्यानंतर त्यांनी मुंबई हे आपले कार्यक्षेत्र केले. तोपर्यंत मेहबूबचे अमर शेख हे नामांतर झाले होते.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातील कामगार हा या पथकाचा श्रोता होता आणि एका अर्थाने आश्रयदाताही तोच होता. पोवाडा, लावणी, छक्कड, वग हे रूढ प्रकार पथकाने टाकून दिले नाहीत; त्यांत संप, महागाई, सावकारी, जमीनदारी हा नवा आशय भरला. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली, यावरूनच त्याच्या प्रभावाची कल्पना येते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरीला सर्वांत व्यापक श्रोतृवर्ग लाभला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. तीत पुढाकार घेणारे केशवराव जेधे हे कारीच्या त्याच जेधे घराण्यातले. शिवकाळात पोवाड्याचा विषय झालेल्या मावळ मुलखाचा वारसा अशा रीतीने नव्या लोकलढ्यापर्यंत आला. समितीच्या सभांतून पहाडी आवाजाचे अमर शेख डफ घेऊन उभे राहत आणि भाषावार प्रांतरचनेसारखा राजकीय प्रश्न निरक्षर श्रोत्यालाही आपल्या घरचा वाटू लागे. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांच्या कंठातून महाराष्ट्रभर पोहोचली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा विरह या रचनेत एकजीव झाले आहेत. तिचे शब्द अण्णा भाऊंचे असले, तरी जनमानसातील तिचे रूप घडले ते शब्द, गळा, साथ आणि श्रोते यांच्या एकत्रित निर्मितीतून. एकाच कर्त्याची कल्पना गृहीत धरणारी समीक्षा येथे अपुरी पडते.

अमर शेख हे केवळ गायक नव्हते. ‘अमरगीत’ (१९५१) हा गीतसंग्रह, ‘पहिला बळी’ (१९५१) हे नाटक, ‘कलश’ (१९५८) व ‘धरतीमाता’ (१९६३) हे काव्यसंग्रह, तसेच छत्रपती शिवाजी महाराजांवरील पोवाडा असे त्यांचे लेखन आहे. मुस्लिम श्रमिक घरातील शाहिराने शिवचरित्र गावे आणि बहुजन श्रोत्यांनी ते आपलेसे करावे, यातच त्यांच्या शाहिरीची सामाजिक भूमिका स्पष्ट होते. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटातील त्यांची भूमिकाही लक्षणीय ठरली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर संरक्षण निधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. वर्गलढा आणि देशप्रेम यांत त्यांना विरोध दिसला नाही.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचा अंत झाला. एका पर्वाचे दोन आधारस्तंभ एकाच पावसाळ्यात कोसळले.

ज्या आवाजाने अमर शेख यांना कीर्ती दिली, त्याच आवाजाने त्यांच्यातील कवीला झाकून टाकले. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद प्रामुख्याने चळवळीचे गायक म्हणून होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ यांचा विचार मराठी कवितेच्या प्रवाहात क्वचितच होतो. उलट, या संहिता केवळ छापील पानावर तपासल्या तर त्यांतील पालुपदे, पुनरुक्ती आणि संबोधने हे दोष वाटू लागतात. वस्तुतः समूहापुढे गाताना हीच या रचनांची बलस्थाने होती. पालुपदापाशी श्रोता गायनात सामील होतो, पुनरुक्तीने अर्थ स्मरणात रुजतो आणि संबोधनाने गर्दीचा समूह होतो. संहिता आणि सादरीकरण यांचा एकत्र विचार करणारी दृष्टी स्वीकारल्याखेरीज अमर शेख यांचे वाङ्मयीन स्थान निश्चित करता येणार नाही. धन्याच्या बिदागीवर जगणारी शाहिरी श्रमिकांच्या आधारावर उभी राहू शकते, हे त्यांच्या जीवनकार्याने सिद्ध केले आहे.