दगड वाचणारे मास्तर

आमच्या साताऱ्यात दगड म्हणजे काळा कातळ. अजिंक्यताऱ्यावर चढा, नाहीतर सांगलीहून मिरजेजवळचा दंडोबा गाठा. पायाखाली तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. म्हणून सेकंड इयरला जिऑलॉजीचं जर्नल मी होस्टेलच्या खोलीत बसूनच उतरवून काढलं. समुद्री जीवाश्म इकडे कुठे भेटणार?

ओरलला सरांनी चुनखडीचा तुकडा हातात ठेवला. आत नाण्यांसारख्या चकत्या. मी गप्प. काठावरचे मार्क पडले, आणि ते बरोबरच होतं. त्याच संध्याकाळी लायब्ररीतून वाडियांचं पुस्तक काढलं. मग त्या माणसाविषयीच वाचत बसलो.

दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचा जन्म १८८३ चा, सुरतजवळचा. बडोद्यात शिकले आणि १९०७ मध्ये जम्मूच्या कॉलेजात प्राध्यापक झाले. चौदा वर्षं तिथेच काढली. वेळ मिळाला की हे डोंगरात, बरोबर पोरंही. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगं भारताच्या भूशास्त्राचं पुस्तक नव्हतं, तर ते स्वतःच लिहिलं. १९१९ साली ते निघालं.

१९२१ मध्ये, सदतिशी ओलांडल्यावर, बसलेली नोकरी सोडून ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गेले. पूंछ आणि पीर पंजालचे डोंगर पायी तुडवले. तिथल्या चुनखडीत त्याच चकत्या होत्या! न्युम्युलाईट, म्हणजे साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात राहणारे एकपेशीय जीव. आज जिथे डोंगर, तिथे तेव्हा समुद्र. असे थर ओळखत, नकाशावर जोडत गेल्यावर त्यांना दिसलं की नंगा पर्वताजवळ हिमालयाचे खडक तुटत नाहीत, गुडघ्यासारखे वळतात. हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. १९५७ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक. १९६९ मध्ये गेले.

दिवाळीला घरी जाताना मी घाटात थांबलो. काळ्या थरांच्या मधोमध एक तांबडा पट्टा होता. एक लाव्हा थंड झाला, त्याची माती होऊ लागली आणि मग पुढचा लाव्हा आला, त्या मधल्या काळाची ही खूण. लहानपणापासून त्याच रस्त्याने येतोय, पण तो पट्टा कधी दिसला नव्हता.

मित्रांनो, जर्नल उतरवायला माझं मागू नका. चला, रविवारी दंडोबाला जाऊ.