पदक जात विचारत नाही

माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्यापुढे आम्ही आदराने उभे राहतो.

आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावी १६ नोव्हेंबर १९२१ रोजी ते जन्मले. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना ठार केले. लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नाझींचा पराभव झालाच पाहिजे, ही बाबासाहेबांचीही भूमिका होती. म्हणून हे बलिदान आम्ही आपले मानतो. पण यशवंतराव जन्मले त्याच १९२१ साली १११ महार ही पलटण मोडली गेली होती. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. पदक जात विचारत नाही. भरती मात्र विचारत होती. मधल्या २० वर्षांत किती यशवंत दारातूनच परतले, याचा हिशेब आम्ही मागतच राहणार!