उतारावरचा गोटा

डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी, दोन्हींत जनुके तीच. मग एक डोळा का होते, दुसरी यकृत का? या कोड्याने कॉनराड वॉडिंग्टन यांना आयुष्यभर झपाटले. जन्म १९०५ चा. वडील दक्षिण भारतात चहामळ्यावर, म्हणून बालपणीची पहिली वर्षे इकडेच गेली. केंब्रिजला शिकले भूगर्भशास्त्र, रमले मात्र गर्भाच्या वाढीत. १९४२ मध्ये या अभ्यासाला त्यांनी ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले. १९५७ मध्ये एक चित्र मांडले: डोंगरउतार, फुटत जाणाऱ्या घळी आणि वरून निघालेला गोटा. ज्या घळीत शिरेल, ते पेशीचे भवितव्य.

मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. मला दिसते ती नियमांची जाड पुस्तिका: प्रत्येक टेबलावर तीच, पण कर्जखाते एक पाने उघडते, ठेवखाते दुसरीच. मिटलेली पाने मिटलेली कशी राहतात?

१९७५ मध्ये वॉडिंग्टन गेले. त्याच वर्षी हॉलिडे आणि प्यू यांनी, तसेच वेगळेपणाने रिग्ज यांनी सुचवले, की डीएनएवर चिकटणारी मिथाइलची इवलीशी रासायनिक टिकली जनुके चालू-बंद करत असावी आणि पेशी दुभंगली तरी ती खूण टिकत असावी. पुढे उलगडले, की गप्प जनुकांपाशी डीएनए बहुधा प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. वाचणारी यंत्रणा आत शिरूच शकत नाही.

२००६ मध्ये जपानच्या यामानाकांनी चार जनुकांच्या बळावर उंदराची घडलेली पेशी पुन्हा उताराच्या माथ्यावर नेली. ते पाहायला वॉडिंग्टन हवे होते.